स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी जंताचा बंदोबस्त कशासाठी?

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे आहे. काही महिन्यांपासून दोन्ही हातांच्या सांध्यांना सूज असून तो आमवात असल्याचे निदान झाले आहे. डॉक्टर स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करणार होते. परंतु रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी १४ टक्के दिसल्यामुळे त्यांनी स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या जंताची रक्ततपासणी करून घेतली आणि ती पॉझिटिव्ह आली. आता ते म्हणतात, आधी आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक औषध आणि मगच स्टेरॉइड. मला पोटाचा कसलाही त्रास नाही; लहानपणी आम्ही भावंडे मातीत अनवाणी खेळत असू, एवढेच आठवते. वर्षानुवर्षे ज्या जंताने काही केले नाही, त्याच्यासाठी सांध्यांचे उपचार का लांबवायचे? माझी प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून तो राहिला का, आणि भाऊ सांगतो तशी प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर घ्यावी का? जंत असले की आमवातासारखे आजार शांत राहतात असे वाचले, ते खरे आहे का? आणि एकदा औषध घेतले की हा जंत पुन्हा होणार नाही ना?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेला क्रम योग्य आहे आणि तो उलटवण्याचा आग्रह तुम्ही धरू नये, हे सर्वांत आधी सांगते. बोटे सुजलेली असताना आणखी काही दिवस थांबा असे ऐकणे किती नकोसे होते, याची मला कल्पना आहे. परंतु हा जंत अंगात असताना स्टेरॉइड सुरू करण्याचा धोका असा आहे, की तो आधी ओळखला तर मोजक्या गोळ्यांनी टळतो आणि ओळखला नाही तर जिवावर बेतू शकतो. हा धोका नेमका कोठून येतो हे समजून घ्यायचे तर प्रतिकारयंत्रणेतील साहाय्यक टी पेशी काय करतात ते पाहावे लागेल, आणि ते एकदा समजले की तुमच्या उरलेल्या प्रश्नांचीही बरीचशी उकल होईल.

स्ट्राँगिलॉइडिस स्टेरकोरॅलिस हा जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा, केसाहूनही बारीक जंत आहे. त्याच्या अळ्या दूषित मातीतून बहुधा अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात आणि लहान आतड्यात पोचतात. तेथे मादी आतड्याच्या अस्तरात रुतून बसते आणि नराशिवायच अंडी घालते. आतड्यातील इतर बहुतेक जंतांची अंडी किंवा अळ्या शौचावाटे बाहेर पडून मातीत वाढतात, त्यामुळे बाहेरून नवा संसर्ग झाल्याशिवाय पोटातील जंतांची संख्या वाढत नाही. स्ट्राँगिलॉइडिसची अंडी मात्र आतड्यातच उबतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्यांपैकी काही अळ्या बाहेर न पडता आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेतून पुन्हा शरीरात घुसतात. एकाच माणसाच्या शरीरात पिढ्यामागून पिढ्या चालू राहण्याची सोय या जंताने अशी करून घेतली आहे. दुसऱ्या महायुद्धात थायलंड आणि ब्रह्मदेश यांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावर राबवल्या गेलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांपैकी काहींच्या शरीरात, मायदेशी परतून कित्येक दशके उलटल्यावरही, हा जंत सापडला होता. त्यामुळे बालपणीचा संसर्ग ५२व्या वर्षी आढळणे यात वावगे काहीच नाही.

आता प्रश्न असा, की जो जंत शरीरातच वाढू शकतो तो इतकी वर्षे वाढला का नाही? तो निरुपद्रवी आहे म्हणून नव्हे. तुमच्या शरीराने रोज, तुम्हाला कळूही न देता, त्याला आवरून धरले आहे म्हणून. तुमच्या अहवालातील १४ टक्के इओसिनोफिल ही त्या कामाचीच खूण आहे, आणि त्या कामाची सूत्रे साहाय्यक टी पेशींच्या हाती आहेत.

साहाय्यक टी पेशी, म्हणजे पृष्ठभागावर सीडी४ नावाचे प्रथिन असलेल्या टी पेशी, बहुतांशी स्वतः कोणाला मारत नाहीत. परजीवीचा तुकडा दुसऱ्या एखाद्या पेशीने समोर धरला की त्या तो ओळखतात आणि सायटोकाइन नावाचे रासायनिक संदेश सोडून इतर पेशींना कामाला लावतात. कोणते संदेश सोडले जातात यावर पुढचे सारे अवलंबून असते. टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी १९८६ साली उंदरांच्या साहाय्यक टी पेशींचे, त्या कोणती सायटोकाइन सोडतात यावरून, दोन प्रकार दाखवून दिले. टीएच-१ पेशी प्रामुख्याने इंटरफेरॉन गॅमा सोडतात आणि त्यामुळे महाभक्षी पेशी, म्हणजे सूक्ष्मजीव गिळणाऱ्या पेशी, आपल्या पोटात लपलेल्या सूक्ष्मजीवाला मारण्यास समर्थ होतात. टीएच-२ पेशी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ सोडतात. त्यांतून आयजीई प्रतिपिंडे तयार होतात, इओसिनोफिल वाढतात आणि आतड्याचे अस्तर जंतांविरुद्ध बदलू लागते. पुढे टीएच-१७, प्रतिपिंडांच्या निर्मितीला मदत करणाऱ्या फॉलिक्युलर साहाय्यक पेशी आणि दाहाला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी असे आणखी प्रकार समोर आले, आणि एका प्रकारची पेशी परिस्थितीनुसार दुसऱ्या प्रकाराचे काही गुण उचलू शकते हेही कळले. तरीही परजीवींच्या बाबतीत मूळची ती विभागणी आजही उपयोगी पडते, कारण पेशीच्या आत राहणारा एकपेशीय परजीवी आणि आतड्यात राहणारा बहुपेशीय जंत यांच्याशी एकाच रीतीने लढता येत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा लेश्मानिया मेजर या एकपेशीय परजीवीच्या प्रयोगांतून मिळाला. हा परजीवी महाभक्षी पेशींच्या आतच राहतो. सी५७ ब्लॅक-६ जातीच्या उंदराला तो टोचला तर त्वचेवर छोटा व्रण होतो आणि काही आठवड्यांत भरून येतो. बाल्ब-सी जातीच्या उंदराला तोच परजीवी टोचला तर व्रण पसरत जातो आणि उंदीर दगावतो. दोन्ही उंदरांच्या साहाय्यक टी पेशी जाग्या झालेल्या असतात. कमजोर म्हणावा असा दोघांपैकी कोणीच नसतो. फरक एवढाच, की पहिल्याच्या पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात आणि दुसऱ्याच्या इंटरल्यूकिन-४. संसर्गाच्या सुरुवातीलाच इंटरल्यूकिन-४ला प्रतिपिंडाने निष्प्रभ केले तर बाल्ब-सी उंदीरही बरा होतो, आणि इंटरफेरॉन गॅमाचे जनुक काढून टाकले तर ब्लॅक-६ उंदीरही बळी पडतो. पेशीच्या आत काय घडते ते तर आणखी विलक्षण आहे. इंटरफेरॉन गॅमाच्या संदेशामुळे महाभक्षी पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते आणि त्याने परजीवी मरतो. इंटरल्यूकिन-४चा संदेश मिळाला तर तीच पेशी तेच आर्जिनिन दुसऱ्या विकराकडे वळवते आणि त्यातून परजीवीच्या वाढीला उपयोगी पडणारे पॉलिअमाइन तयार होतात. माणसाचा आजार इतका सरळ नसतो. लेश्मानियाच्याच दुसऱ्या जातीमुळे होणाऱ्या काळा आजाराच्या रुग्णांत इंटरफेरॉन गॅमा पुरेसे आढळते, पण त्याच्या जोडीला इंटरल्यूकिन-१०ही वाढलेले असते आणि ते महाभक्षी पेशींना मारक होऊ देत नाही. म्हणून उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत, परंतु प्रतिसादाची दिशा चुकली तर जोरदार प्रतिसादही निरुपयोगी ठरतो, एवढे त्यांतून निर्विवाद कळते.

जंतांच्या बाबतीत चित्र उलटे होते. दोन मिलिमीटरच्या प्राण्याला कोणतीही पेशी गिळू शकत नाही आणि त्यावर इंटरफेरॉन गॅमाचा उपाय चालत नाही. त्याला जागा सोडायला भाग पाडावे लागते. आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी नावाच्या, एरवी अगदी थोड्या संख्येने आढळणाऱ्या पेशी असतात. त्यांचे काम बराच काळ कोडेच होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले, की जंताची चाहूल लागताच याच पेशी इंटरल्यूकिन-२५ सोडतात. त्याने जागृत झालेल्या जन्मजात प्रतिकारयंत्रणेतील पेशी इंटरल्यूकिन-१३ सोडतात. त्या संदेशामुळे अस्तरातील मूळ पेशी अधिक टफ्ट पेशी आणि अधिक गॉब्लेट पेशी घडवू लागतात, आणि हा फेरा वाढत जातो. मागोमाग लसिका ग्रंथींतून टीएच-२ पेशी येऊन पोचतात आणि तो प्रतिसाद टिकवून धरतात. गॉब्लेट पेशींमधून चिकट स्राव भरभरून वाहू लागतो, अस्तरातून पाणी झिरपते, आतड्याचे स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतात आणि अस्तराच्या पेशी वेगाने बदलल्या जाऊ लागतात. निप्पोस्ट्राँगायलस या उंदरांतील जंताला निरोगी उंदीर अशा रीतीने साधारण दहा दिवसांत बाहेर घालवतो. ज्या उंदरांत टी पेशीच नसतात त्यांना ते जमत नाही. आतड्याबाहेर, ऊतींमधून प्रवास करणाऱ्या अळ्यांवर मात्र इओसिनोफिल, महाभक्षी पेशी आणि प्रतिपिंडे मिळून हल्ला करतात. तुमच्या शरीरात जुने जंत पूर्णपणे निघून गेले नाहीत, पण पुन्हा आत घुसू पाहणाऱ्या अळ्यांवर हा पहारा टिकला, म्हणून संख्या आटोक्यात राहिली.

स्टेरॉइड नेमका हाच पहारा उठवते. ते टी पेशींच्या संदेशांना दाबते आणि इंटरल्यूकिन-५च्या आधारावर जगणाऱ्या इओसिनोफिलचे आयुष्य कमी करते. काही दिवसांतच रक्तातील त्यांची संख्या घसरते. मग अळ्या अनिर्बंध वाढतात, हजारोंच्या संख्येने आतड्याची भिंत भेदून फुप्फुसांत आणि काही वेळा मेंदूपर्यंत पोचतात, आणि जाताना आतड्यातील जीवाणू बरोबर नेतात. त्यामुळे अशा रुग्णाला अनेकदा जंताचा आजार म्हणून नव्हे, तर रक्तातील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदुज्वर म्हणून दाखल केले जाते, आणि त्यातून मृत्यूचे प्रमाण फार मोठे आहे. थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडनंतरही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. कोविडच्या साथीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा वापर एकाएकी वाढला तेव्हा हा धोका नव्याने चर्चेत आला, तो यामुळेच.

येथे एका गोष्टीवर जरा थांबावेसे वाटते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. एचआयव्ही सीडी४ पेशींचा नाश करतो. तेव्हा एड्सच्या रुग्णांमध्ये हा जंत सर्रास थैमान घालेल, अशी सुरुवातीला अपेक्षा होती आणि एड्सचे निदान करणाऱ्या आजारांच्या आरंभीच्या यादीत त्याला स्थानही मिळाले होते. प्रत्यक्षात तसे फारसे घडले नाही आणि नंतर तो यादीतून वगळला गेला. याच रुग्णांत टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी मात्र मेंदूत पुन्हा डोके वर काढतो, विशेषतः सीडी४ पेशी एका मायक्रोलिटरमध्ये १००च्या खाली गेल्यावर. काळा आजारही औषधांनी दबून पुन्हा पुन्हा उलटतो. या दोन्ही परजीवींना इंटरफेरॉन गॅमाचाच धाक असतो. याच्या अगदी उलट एचटीएलव्ही-१ हा विषाणू. तोही सीडी४ पेशींमध्येच राहतो, पण त्यांना मारण्याऐवजी चेतवतो आणि त्या मोठ्या प्रमाणावर इंटरफेरॉन गॅमा सोडू लागतात. त्यामुळे इंटरल्यूकिन-४ आणि ५ मागे पडतात, आयजीई उतरते, आणि या रुग्णांत स्ट्राँगिलॉइडिसवरील औषध कमी लागू पडते व संसर्ग बेफाम पसरण्याचा धोका वाढतो. पेशी भरपूर, प्रतिसादही जोरदार, आणि तरीही जंताचे फावते. तुमचा भाऊ सांगतो तशी पावडर घेऊ नका असे मी ठामपणे का सांगते, ते यावरून ध्यानात येईल. जंतांविरुद्धचा टीएच-२ प्रतिसाद निवडून तेवढाच वाढवणारी कोणतीही पावडर अस्तित्वात नाही. शिवाय आमवातात तुमची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःच्या सांध्यांवर चालून गेलेली आहे. अशा वेळी तिला सरसकट चेतवणे, तसे खरोखर करता आले असते तरी, अहितकारकच ठरले असते. तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून हा जंत राहिला, असे मानण्याचे कारण नाही. धडधाकट माणसांतही तो असाच राहतो.

मग इतका पहारा असूनही जंत समूळ नष्ट का होत नाही? कारण प्रतिकारयंत्रणेला परजीवी मारण्याबरोबरच ऊतीही वाचवायच्या असतात. इंटरल्यूकिन-१० नसलेल्या उंदराला टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग झाला तर तो स्वतःच्याच अनावर दाहाने मरतो. शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांतील जंताची अंडी यकृतात अडकतात तेव्हा टीएच-२ प्रतिसाद त्यांच्याभोवती गाठी बांधून यकृताच्या पेशी वाचवतो, पण तोच प्रतिसाद लांबला तर इंटरल्यूकिन-१३मुळे यकृत तंतुमय होत जाते. म्हणून नियामक टी पेशी लढाई मध्येच थोपवतात, आणि परजीवी त्याचा फायदा घेतात. हेलिग्मोसोमॉइड्स पॉलिगायरस हा उंदरांतील जंत तर टीजीएफ-बीटा या दाहशामक संदेशाची हुबेहूब कामगिरी करणारे स्वतःचे प्रथिन सोडतो आणि यजमानाच्या टी पेशींना नियामक बनवतो.

तुम्ही वाचलेल्या माहितीला आधार मिळतो तो येथे. जंतांमुळे प्रतिकारयंत्रणेचा दाह निवळतो हे प्रयोगांत खरे ठरले आहे, आणि त्यावरून आतड्याच्या दाहाच्या रुग्णांना डुकरातील चाबूककृमीची अंडी देण्याच्या चाचण्याही झाल्या. आरंभीच्या लहान चाचण्यांनी आशा दाखवली. पुढच्या मोठ्या चाचण्यांत मात्र ती अंडी नकली औषधापेक्षा सरस ठरली नाहीत. आणि त्या चाचण्यांसाठी मुद्दाम असा जंत निवडला होता, जो माणसात वाढत नाही. शरीरातच पिढ्या वाढवणारा स्ट्राँगिलॉइडिस आमवाताचा उपाय म्हणून जवळ बाळगण्याचा विचार, कृपा करून, पूर्णपणे सोडून द्या. तुमचे सांधे हा जंत असतानाच सुजले आहेत, हेही ध्यानात घ्या.

पुन्हा संसर्ग होऊ शकतो का? होऊ शकतो. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, तसे संरक्षण जंतांच्या बाबतीत मिळत नाही. शिस्टोसोमाच्या अभ्यासात, १९९१ साली गांबियातून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचारानंतर ज्यांच्या रक्तात जंताविरुद्धचे आयजीई जास्त होते त्यांना पुन्हा संसर्ग कमी झाला. म्हणजे टीएच-२ प्रतिसादातून काही संरक्षण मिळते, पण ते हळूहळू आणि अपुरे मिळते. माणसांना होणाऱ्या कोणत्याही जंतावर आज वापरात असलेली लस नाही. तेव्हा मातीत काम करताना पायांत बूट आणि हातांत मोजे घालणे हाच भरवशाचा उपाय आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. आयव्हरमेक्टिनची मात्रा वजनानुसार ठरते; ती डॉक्टरांनीच ठरवावी आणि औषध स्वतःहून विकत घेऊन घेऊ नये. मध्य आफ्रिकेत तुमचे कधी वास्तव्य झाले असेल तर औषधाआधी तसे जरूर सांगा, कारण तेथील लोआ लोआ हा जंत रक्तात मोठ्या संख्येने असताना हे औषध मेंदूवर गंभीर परिणाम करू शकते. शौचतपासणीत काही सापडले नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. अळ्या अधूनमधून आणि थोड्या पडतात, त्यामुळे एका तपासणीत त्या अनेकदा निसटतात. नितंबांवर किंवा पोटावर खाजरी, लालसर, नागमोडी रेघ उमटून काही तासांत पुढे सरकलेली तुम्ही कधी पाहिली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्वचेखालून जाणाऱ्या अळीची ती खूण असते. सांध्यांची सूज असह्य असेल तर दोन्ही उपचारांमधले अंतर किती कमी करता येईल ते मोकळेपणाने विचारा, कारण हे अंतर सहसा फार मोठे नसते. तुमचा भाऊही त्याच मातीत वाढला असल्याने त्याने पावडरीऐवजी हीच रक्ततपासणी करून घ्यावी, आणि दमा किंवा अन्य कारणासाठी त्याला कधी स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागत असतील तर ती टाळू नये.

उपचारानंतर इओसिनोफिल काही आठवड्यांत ते महिन्यांत उतरतात; प्रतिपिंडांची पातळी उतरायला त्याहून अधिक वेळ लागतो, म्हणून ती तपासणी सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा करतात. मात्र तोवर तुम्ही स्टेरॉइड घेत असाल तर इओसिनोफिल त्या औषधानेही कमी होतील आणि केवळ त्या आकड्यावरून जंत गेला असे ठरवता येणार नाही. प्रतिपिंडांच्या पातळीवर अधिक भर द्या. स्टेरॉइड चालू असताना ताप, धाप, सतत उलट्या, पोट फुगणे किंवा तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही झाले, तर ज्या रुग्णालयात जाल तेथे स्ट्राँगिलॉइडिसची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली होती हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा, मग त्या दिवशीच्या अहवालात इओसिनोफिल अगदी शून्य का असेनात.